पान सत्त्याऐंशी

दर जानेवारीत मला एक निमंत्रण येतं. जाड कागद, सोनेरी कडा, वर मोठ्या साहेबांचं नाव आणि खाली 'स्मृती व्याख्यान'. मी जाते. शाल गुंडाळून मागच्या रांगेत बसते, समोरच्या फोटोला घातलेला हार बघते आणि एका वाक्याची वाट बघते. कुणी ना कुणी वक्ता ते म्हणतोच: त्यांच्या मेजावर एकही निकाल कधी पडून राहिला नाही. लोक माना डोलावतात. मग चहा आणि समोसे येतात. मी दोन खाते.

हे वाक्य पहिल्यांदा टाइप झालं ते माझ्या बोटांनी, साहेब गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. ते खोटं आहे हे सबंध लखनौत एकट्या मला ठाऊक होतं. ते खोटं ठरलं होतं तेही माझ्यामुळेच.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. नवरा मानक नगरला रेल्वेच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होता, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. मी मूळची अकोल्याची. लग्नाआधी इंग्रजी शॉर्टहँड शिकले होते आणि हात चांगला चालायचा. लखनौला आल्यावर कोर्टाची परीक्षा दिली, लागले. काही वर्षं इकडेतिकडे काढल्यावर मला मोठ्या साहेबांकडे टाकलं. आमच्या कोर्टातले ते सगळ्यात ज्येष्ठ न्यायमूर्ती. माझ्या आधीची स्टेनो रडत बदली मागून गेली होती. पहिल्याच दिवशी शिपाई मला म्हणाला, "मैडम, पर्स में रुमाल रखा कीजिए."

साहेबांची कामाची एक पद्धत होती. फाइल ते स्वतः वाचायचे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. वकिलांनी कोणती पानं दाखवली याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. मग दुपारी चार वाजता चेंबरच्या खिडकीशी पाठमोरे उभे राहायचे, हात मागे बांधायचे, आणि हातात एक चिटोरंही न घेता निकाल सांगायला लागायचे. मी वहीत शॉर्टहँडमध्ये घ्यायची. संपलं की मला सगळं वाचून दाखवायला लावायचे. मग मी टाइप करायची, तीन कार्बन लावून. व्हाइटनर लावायची मनाई होती. एका पानावर चूक सापडली तर ते पान पुन्हा. दोन पानांवर सापडली तर अख्खा निकाल पुन्हा. चुकीचे कागद ते स्वतः फाडायचे, सावकाश, सरळ रेषेत, दोनदा. तुकडे टोपलीत टाकायचे नाहीत. माझ्या हातात द्यायचे, आणि म्हणायचे, "ज़हमत होगी आपको." म्हणजे, तसदी पडेल तुम्हाला.

लखनौत अपमानसुद्धा 'आप' लावून होतो. आमच्या अकोल्याला शिवी देतात आणि मोकळे होतात. इथे माणूस तुम्हाला आदबीनं खुर्ची देतो आणि खुर्चीखालची जमीन काढून घेतो. त्यांच्या हाताखाली चार वर्षं मी 'आप' ऐकलं आणि त्या माणसाचा मनापासून द्वेष केला. त्याच्याइतका न्यायी माणूस मी पुन्हा पाहिला नाही, हेही खरं. दोन्ही एकाच माणसात होतं आणि त्याला मी काही करू शकत नाही.

आता त्या दुसऱ्या माणसाबद्दल सांगते. तो एका सरकारी खात्यात नलकूप चालक होता, म्हणजे शेतांना पाणी सोडणाऱ्या सरकारी बोअरवेलवरचा पंप चालू-बंद करणारा. रायबरेलीच्या बाजूच्या एका गावात त्याची ड्यूटी होती. अकरा वर्षांपूर्वी तो चार दिवस रजेवर असताना पंपघरातली मोटर नाहीशी झाली. किल्ली याच्याकडे, म्हणून चोर हाच. खात्यानं चौकशी केल्यासारखं केलं आणि त्याला बडतर्फ केलं. तेव्हापासून तो कोर्टात होता. प्रत्येक तारखेला यायचा. चारबागला उतरायचा, तिथून कोर्टापर्यंत चालत यायचा आणि आमच्या बाहेरच्या बाकावर बसायचा. कानाला मफलर, मांडीवर कापडी पिशवी. वकिलाचा मुन्शी त्याला ओळखही द्यायचा नाही. मीही एरवी दिली नसती, पण एकदा त्यानं मला पाण्याचा नळ कुठे आहे विचारलं आणि मग स्वतःहूनच बोलायला लागला.

"बहनजी, जून में अट्ठावन पूरे हो जाएँगे," तो म्हणाला. "उससे पहले एक दिन को भी बहाल हो जाऊँ तो बहुत है. जाकर ताला खोलूँगा, मोटर चलाऊँगा, पानी छोड़ूँगा. गाँव देख ले कि चोर नहीं था. अगले दिन घर बैठ जाऊँगा."

मग त्यानं सदऱ्याखालून करगोट्याला बांधलेली किल्ली काढून दाखवली. पंपघराची. अकरा वर्षांत ती परत कुणी मागितलीच नव्हती. बडतर्फीच्या कागदावर पाच जणांच्या सह्या होत्या, पण किल्ली घ्यायची कुणाला सुचली नव्हती. मला हसू आलं. ज्याच्यावर चोरीचा ठपका, तोच सरकारची किल्ली पोटाशी बांधून अकरा वर्षं हिंडतोय!

डिसेंबरात साहेबांपुढे त्याची सुनावणी झाली आणि निकाल राखून ठेवला गेला. मग आली ती जानेवारीतली गुरुवारची सकाळ.

आदल्या दिवशी मी दुसऱ्याच एका प्रकरणाचा अठरा पानांचा निकाल टाइप करून दिला होता. साहेबांना त्यात दोन पानांवर दोन चुका सापडल्या. एक स्वल्पविराम, आणि एक शब्द दोनदा पडलेला. चेंबरमध्ये दोन मोठे वकील बसले होते. त्यांच्यासमोर साहेबांनी अठरा पानं आणि त्यांचे कार्बन फाडले, तुकडे माझ्या ओंजळीत घातले आणि विचारलं, "मैडम, आपके महाराष्ट्र में टाइपराइटर ज़रा देर से पहुँचा था क्या?"

वकील हसले. न्यायाधीशाच्या विनोदाला वकील हसणारच, ते त्यांच्या धंद्यात धरलेलं असतं. पण मीही हसले. ओंजळीत कागदाचे तुकडे घेऊन मी हसले, हे मला आजही सहन होत नाही.

त्याच दिवशी चार वाजता त्यांनी नलकूपवाल्याचा निकाल सांगायला घेतला. बाहेर धुकं होतं. दुपारभरात एकदाही ऊन पडलं नव्हतं. साहेब खिडकीशी उभे, मी वहीत खाली मान घालून. रागानं माझी पेन्सिल कागद फाडत होती. पण सातव्या-आठव्या परिच्छेदाला माझा हात आपोआप सरळ चालायला लागला.

खात्याच्याच फाइलीत सत्त्याऐंशी नंबरचं एक पान होतं. फिक्या कार्बनचं, आणि शिवताना उलटं शिवलेलं. डोकं खाली, पाय वर. ती खात्याच्या वर्कशॉपची पावती होती. मोटर ज्या रात्री चोरीला गेली म्हणून ओरड झाली, त्याच्या दोन दिवस आधीच ती मोटर वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला जमा झाली होती. नंबरासकट तशी नोंद होती, खात्याकडच्या दुसऱ्या किल्लीनं काढून आणल्याचीही. मोटर खात्याच्याच घरात आणि चोर म्हणून बाहेर काढला हा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता. अकरा वर्षांत किती अधिकारी, किती वकील, किती न्यायाधीश त्या फाइलीवरून गेले असतील, फाइल फिरवून ते पान सुलटं करून कुणी वाचलं नव्हतं. साहेबांनी वाचलं. चोरीच झालेली नाही, सबब चोर कुणी नाही, त्याला ताबडतोब कामावर घ्या. एवढं बोलून ते थांबले.

मी नेहमीप्रमाणे वाचून दाखवलं. एक शब्द त्यांनी बदलला. मग म्हणाले, "कल सुबह दे दीजिए. कल ही सुना दूँगा."

साडेचार वाजले होते. अकरा पानं. मी मनात आणलं असतं तर सातच्या आत ती चोख टाइप झाली असती. पण त्या संध्याकाळी माझ्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. कॉलनीतल्या आणि सरोजिनी नगरकडच्या मिळून तीसेक मराठी बायका यायच्या होत्या. चहाच्या गाळण्या वाण म्हणून आणून ठेवल्या होत्या, चारबागच्या दुकानातून रेवड्या आणल्या होत्या. लखनौत तिळगुळाच्या जागी आम्ही रेवडीच वाटायचो. हे कारण मी नंतर वर्षानुवर्षं स्वतःला सांगत राहिले. ते खरं नाही. हळदीकुंकू तासभर उशिरा सुरू झालं असतं तर आकाश कोसळत नव्हतं. खरं कारण असं की म्हाताऱ्याला एक दिवस थांबवायचं होतं. मी मशीनवर झाकण घातलं, वही ड्रॉवरमध्ये टाकली आणि टेम्पो धरला.

हळदीकुंकवाला मी साहेबांची नक्कल केली. पाठीमागे हात बांधून खिडकीशी उभी राहिले आणि "ज़हमत होगी आपको" म्हणाले. बायका पोट धरधरून हसल्या. एकेकीच्या हातात रेवडी ठेवत मी "गोड बोला, गोड बोला" म्हणत होते. सगळ्या गेल्यावर भांडी आवरताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, एवढं टाइप करून यायचं होतंस ना. त्या बिचाऱ्याचा काय दोष?"

"अहो, एक दिवसानं काय होतंय?" मी म्हटलं. "बसू दे म्हाताऱ्याला वाट बघत."

वाट बघणारा म्हातारा दुसराच होता, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही असं नाही. शिरलं आणि मी ते बाहेर ढकललं. वड्याचं तेल वांग्यावर काढायला मला चांगलं जमतं, आजही घरचे तेच म्हणतात.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी हात पुढे केला. मी सांगितलं, "सर, मशीन का रोलर अटक गया है." ते उठून बघायला येणार नाहीत हे मला माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता येतंय काहीतरी 'आप' लावून. पण ते एवढंच म्हणाले, "ग्यारह साल इंतज़ार किया है उसने. तीन दिन और कर लेगा. सोमवार को दे दीजिए."

बाहेर तो बाकावर बसला होता. त्याला कुठूनतरी कळलं होतं की आज निकाल लागेल. मी दारातून बाहेर आले तेव्हा तो उठून उभा राहिला, माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि तरी नमस्कार केला. मी मान हलवली आणि पुढे गेले. मशीन बिघडलंय असं सांगितल्यामुळे मला दिवसभर ते बिघडलेलंच ठेवावं लागलं. झाकणाला हात लावायची सोय उरली नव्हती. त्या दिवशी मी लेकीच्या स्वेटरची एक बाही पूर्ण केली.

रविवारी सकाळी साहेब गेले. बंगल्याच्या व्हरांड्यात ऊन पडायची वाट बघत खुर्चीत बसले होते, समोरचा चहा तसाच राहिला. शिपाई धुक्यातून सायकल मारत मानक नगरला सांगायला आला. मी दारातच ऐकलं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटले'. मी शिपायाला आत घेऊन चहा दिला. तो रडत होता. माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता. कप विसळताना मला वही आठवली आणि हातातला कप मोरीत पडला.

सोमवारी कोर्टात शोकसभा. आमच्याकडे रीत अशी की न्यायमूर्ती गेले की सगळे न्यायमूर्ती आणि वकील एका दालनात जमतात, भाषण वाचलं जातं, दोन मिनिटं उभं राहतात आणि दिवसभर काम बंद. भाषणाचा मसुदा ऑफिसच्या मोठ्या बाबूंनी हातानं लिहिला होता. तो माझ्याकडे टाइपला आला, कारण साहेबांची मांडणी मलाच ठाऊक. मेल्या म्हशीला मणभर दूध, त्यातला हा प्रकार. दयाळू होते, मृदुभाषी होते, कनिष्ठांना पित्यासारखे होते. मी टाइप करत गेले. 'एकही निकाल पडून राहिला नाही' इथे आले तेव्हा माझा गुडघा ड्रॉवरला लागत होता. ते वाक्यही टाइप केलं. चार पानांत एकही चूक झाली नाही, आणि झाली असती तरी फाडणारं कुणी नव्हतं.

सभेनंतर बाहेर आले तर तो बाकाशी उभा. धुक्यामुळे गाडी चार तास उशिरा आली होती. "बहनजी, आज सुनाएँगे?" त्यानं विचारलं. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "साहब नहीं रहे. काम बंद है." त्यानं मफलर डोक्यावरून काढला, हात जोडले, आणि मला म्हणाला, "हमारी बात बड़े ध्यान से सुनी थी उन्होंने." त्या अख्ख्या कोर्टात त्या दिवशी साहेबांसाठी मनापासून हळहळलेली दोनच माणसं मी पाहिली. एक शिपाई आणि एक हा.

आठवड्यानं बाबूंनी मला बोलावलं. साहेबांनी राखून ठेवलेल्या प्रकरणांची यादी हवी होती. प्रत्येक प्रकरणापुढे लिहायचं: निकाल सांगून झाला होता की नाही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, सांगून झाला असेल पण सही नसेल, तर? बाबू म्हणाले, "दस्तखत नहीं, तो रद्दी है. फिर से सुनवाई होगी." म्हणजे माझी वही कुणाच्याच कामाची नव्हती. पण तसं लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कधी सांगितला होता, आणि टाइप का झाला नाही. मी त्याच्या नावापुढे लिहिलं: सांगितलेला नाही. हातानं लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

मला मग एका नव्या साहेबांकडे दिलं. ते चांगले होते. प्रत्येक कागदाला 'थँक्यू' म्हणायचे, व्हाइटनर लावलेलं चालायचं, होळीला त्यांनी माझ्या लेकीसाठी गुजिया, म्हणजे खव्याच्या करंज्या, पाठवल्या. ते फक्त फाइल वाचायचे नाहीत. वकील जी पानं दाखवतील ती बघायचे. मी चार वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळी डोकं न दुखता घरी जायला लागले.

एप्रिलमध्ये नलकूपवाल्याचं प्रकरण त्यांच्यापुढे लागलं. सकाळी चेंबरमध्ये फाइल चाळताना त्यांनी मला विचारलं, "मैडम, बड़े साहब तो इसे सुन चुके थे. कोई नोट छोड़ गए हैं? हो तो दिखाइए, मुझे आसानी हो जाएगी."

मला हे कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. सही नसलेला निकाल रद्दी होता, पण हा माणूस ती रद्दी वाचायला तयार होता. ड्रॉवर उघडायचा, वही काढायची, आणि म्हणायचं, सर, हे आहे. एवढंच करायचं होतं.

"नो सर," मी म्हटलं.

सुनावणी दहा मिनिटं चालली. त्याच्या वकिलानं तेच जुनं रडगाणं गायलं: गरीब आहे, म्हातारा आहे, चौकशी नीट झाली नाही. फाइल समोर उघडी होती आणि सत्त्याऐंशी नंबरचं पान तिच्यात उलटं झोपलेलं होतं. मी वकिलापासून चार हातांवर बसले होते. मधल्या सुट्टीत चहाच्या टपरीवर त्याचा मुन्शी माझ्या पुढेच उभा होता. त्याची पाठ मला दिसत होती. कबुली द्यायची नव्हती, वही दाखवायची नव्हती. नुसतं म्हणायचं, सत्तासी नंबर पलट के देखो. एवढे पाच शब्द. मुन्शी काय, कोर्टात असं कुणीही कुणालाही म्हणतं. त्याचा चहा झाला, त्यानं ग्लास ठेवला, माझा नंबर आला. मी म्हटलं, "भैया, एक चाय, चीनी कम."

मेमध्ये निकाल. नव्या साहेबांनी तो पंधरा मिनिटांत सांगितला. खात्याच्या निष्कर्षात ढवळाढवळ करण्याजोगं फाइलीत काही आढळत नाही. याचिका खारिज. तीन पानं झाली. मी लगेच टाइप करून दिली. या वेळी रोलर अडकला नाही. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "थँक्यू, मैडम."

दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. मे महिना होता, मफलर नव्हता. डोक्यावरचे केस इतके पांढरे झालेत हे मी पहिल्यांदाच बघितलं. मला वाटलं ओरडेल. माझी तशी तयारीही होती. तो म्हणाला, "बहनजी, एक बात पूछनी थी. बुरा मत मानिएगा. बड़े साहब का लिखा तो आप ही लिखती थीं. हमारे मामले में कुछ लिखवा गए थे क्या?"

माझी मूग गिळायची सवय आता चांगलीच मुरली होती. पण नुसतं 'नाही' म्हणणं मला पुरेसं वाटलं नाही. 'नाही' म्हटलं तर हा आयुष्यभर आशेवर राहील, मोठे साहेब असते तर सुटलो असतो म्हणत झुरत बसेल. त्यापेक्षा एकदाचं तोडून टाकावं, त्यालाही बरं पडेल. असं मी मनाशी म्हटलं. पण मी घाबरले होते, इतकंच खरं. खरं सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, मग ते कुठे आहे?

"हाँ," मी म्हटलं. "उन्होंने भी खारिज ही लिखवाया था."

पंखा फिरत होता, माझ्या टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून मी त्यांवर हात ठेवला.

"उन्होंने काग़ज़ पढ़े थे?" त्यानं विचारलं.

"हर पन्ना."

त्यानं मान हलवली. हिशेब जुळल्यावर माणूस हलवतो तशी.

"तब तो हमसे ही कुछ हुआ होगा," तो म्हणाला. "ताला ठीक से नहीं लगाया होगा. हम ही भूल रहे हैं. बड़े साहब ने पढ़ के लिखवाया है तो ग़लत नहीं होगा."

मी तेव्हा बोलू शकले असते. जून उजाडायला अजून वेळ होता, वरचं कोर्ट होतं, फाइल शेजारच्या खोलीत होती. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायले.

त्यानं सदऱ्याखाली हात घातला. करगोट्याची गाठ सुटेना, तर वाकून दातांनी सोडवली. किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, कागदांपासून थोडी लांब, डाग पडू नये अशी.

"सरकारी चीज़ है, बहनजी," तो म्हणाला. "हमारे पास नहीं रहनी चाहिए. जमा करवा दीजिएगा."

नमस्कार करून तो गेला. पुन्हा कधी आला नाही, यायचं कारणही उरलं नव्हतं.

मी ती कुठेही जमा केली नाही. जमा करायची तर कुणाची, कुठली, तुमच्याकडे कशी, हे सगळं लिहून द्यावं लागलं असतं. त्या वहीबरोबर मी ती घरी आणली आणि ट्रंकेत टाकली. दोन्ही तिथेच आहेत. वहीतलं शॉर्टहँड मला अजून धडधडीत वाचता येतं, दुसऱ्या कुणाला येणार नाही. त्या अख्ख्या प्रकरणात सरकारची खरोखर चोरीला गेलेली वस्तू ती किल्ली एकच, आणि ती माझ्या घरात आहे.